चुडामणनानांची मोटार आणि कानबाईची बैठक

घरात जुनंपानं पितळ असेल तर ते पदराखाली झाकून ठेवायचं, अशी वेळ चुडामणनानांनी रनाळ्यातल्या बायकांवर आणली होती. माणूस वाईट नाही हो. पपईची बाग, मिरचीचं शेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तीन वर्षांमागे खळ्यातल्या कडब्याखाली त्यांना आजोबांची मोटार सापडली आणि तेव्हापासून हा गृहस्थ कामातून गेला.

मोटार शंभरेक वर्षांची. आजोबांनी धुळ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून ती वापरलेलीच घेतली होती. पंचक्रोशीत मोटार म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा आजोबा तिच्यात बसून अंधार पडल्यावर प्रकाशा या तीर्थाच्या गावाला जायचे. लोक म्हणे ओट्यावर येऊन दिव्यांचा तो पांढरा उजेड बघत बसायचे. मग टायर मिळेनात, इंजिन रुसलं, आणि मोटार खळ्यात जाऊन बसली. तिच्या गादीवर कोंबड्यांनी अंडी घातली. घरच्यांनी, दारच्यांनी, ज्याला जे लागलं ते काढून नेलं. मोटार मेली नाही, ती गावात वाटली गेली, असं मंगलाबाई म्हणायच्या. मंगलाबाई म्हणजे नानांच्या पत्नी, आणि ही गोष्ट खरं तर त्यांचीच.

वाटली गेलेली मोटार गोळा करायची तर आधी कुठली वस्तू मोटारीची आणि कुठली नाही, हे कळायला हवं. ते नानांना कुठून कळणार? ते कळायचं हेमकांतला. हा नानांचा भाऊकीतला चुलतभाऊ, नंदुरबारला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला, आणि जुन्या मोटारींपायी नानांहून जास्त बिघडलेला. त्याच्या फोनमध्ये बायकोचा फोटो एक असेल तर मोटारींच्या सुट्या भागांचे शेकडो.

नानांची पद्धत ठरलेली. कुणाच्याही घरी जायचं, चहा घ्यायचा, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि बोलता बोलता फडताळाकडे बघायचं. काही वेडंवाकडं दिसलं की उचलायचं, फोटो काढून हेमकांतला पाठवायचा. हेमकांतचं उत्तर आलं की नाना वस्तू मांडीवर ठेवून गोड आवाजात म्हणायचे, "हाई मोटारनं शे, माय. तुमनाकडे उसनं व्हतं." वर बदल्यात स्टीलचं नवं कोरं भांडं काढून द्यायचे. भांडण करायला जागाच ठेवायचे नाहीत.

चुलतसासू तुळशीबाईंकडे शेंगदाण्याचं तेल ओतायचं एक लांब पितळी नरसाळं होतं. तो निघाला मोटारीचा भोंगा. मागचा रबरी फुगा उंदरांनी खाल्ला होता, एवढंच. दोधूच्या दुकानात खडेमीठ मोजायची पितळी वाटी होती, आतून आटे असलेली. दोधूचा बापही त्याच वाटीनं मीठ द्यायचा. ते निघालं चाकाच्या मधलं टोपण. दोधू बिचारा म्हणाला, "नाना, आते मीठ कसाघाई मोजू?" तर नानांनी त्याला स्टीलची वाटी दिली, आणि ती थोडी मोठी निघाल्यामुळे गावाला आजतागायत मीठ जास्त मिळतंय.

नर्मदाबाईंच्या घरची तर कमालच. त्यांच्या भिंतीवर एक गोल, काचेचं, बंद पडलेलं घड्याळ होतं. त्याला काटे नव्हते. पडले असतील कुठे, असं घरादाराचं मत. नव्या सुनेला सासरे सांगायचे की हे लई महागाचं घड्याळ शे. हेमकांतनं फोटो पाहिला आणि फोनवरच हसत सुटला. ते घड्याळ नव्हतंच. मोटारीच्या तोंडाशी पाण्याची टाकी असते, तिच्या टोपणावर बसवायचा तो तापमापक होता, इंजिन किती तापलं ते गाडीवाल्याला बसल्या जागी दिसावं म्हणून. नर्मदाबाई म्हणाल्या, "म्हणजे आमना घरमा टाइम नही, ताप व्हता." आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

नानांच्या स्वतःच्या गोठ्यातही एक टोकदार लोखंडी दांडा सापडला. दोन पिढ्या त्याला खुरप्याचा भाऊ समजून खुंटा म्हणून ठोकत होत्या. हेमकांत म्हणाला, हा मोटारीच्या पोटाखाली टांगलेला असायचा. घाट चढताना गाडी मागे सरकायला लागली की दोरी सोडायची, दांडा जमिनीत रुतायचा आणि गाडी जागच्या जागी उभी. नानांनी तो दांडा धुऊन पुसून पाहुण्यासारखा ओसरीवर आणून ठेवला. मंगलाबाईंनी डोक्याला हात लावला.

पण त्यांना मनातून हे आवडत होतं बरं का. नाहीतर पूर्वी नाना बागेतून आले की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आता जेवताना बोलायचे. आज काय सापडलं, कुणाकडे सापडलं, कोण काय म्हणालं. लेक ममता नाशिकहून फोन करून विचारायची, "माय, नाना बरे शेत ना?" आणि मंगलाबाई म्हणायच्या, "पोऱ्या व्हई गया तुन्हा बाप."

शहाद्याच्या एका मिस्तरीनं इंजिन चालू करून दिलं. उन्हाळ्यात मोटार खळ्यातून धडधडत बाहेर आली तेव्हा अर्ध्या गावानं टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या अर्ध्या गावानं आपली कोंबडी शोधली. सगळं जमलं होतं. फक्त डावीकडच्या पायटाक्यावर, म्हणजे चढताना पाय ठेवायची जी लांब फळी असते तिच्यावर, एक लोखंडी कडं रिकामं होतं. त्या कड्यात काय बसायचं ते काही सापडत नव्हतं, आणि ते नाही म्हणून पुढचे दोन मोठे पितळी दिवे आंधळे होते. नानांचा जीव त्या दिव्यांत अडकला होता. आजोबांचा तो पांढरा उजेड आयुष्यात एकदा डोळ्यांनी बघायचा, बस, मागणं एवढंच.

नागपंचमी झाली. कानबाईचा रविवार जवळ आला. खानदेशात कानबाई म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, पण परक्या मुलखातल्यांसाठी सांगते: श्रावणातल्या त्या रविवारी ही देवी, आमची आई, घरी येते, सोमवारी नदीवर जाते, आणि तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, भाऊकी झाडून सगळी एकत्र येते, वर्षभर बोलत नसतील तेसुद्धा. मंगलाबाई ओसरीवर रोटाचे गहू निवडत बसल्या होत्या. हेमकांत नंदुरबारहून आला होता, आणि दोघे भाऊ मोटारीपाशी उभे राहून त्या रिकाम्या कड्याकडे बघत होते.

"त्या काळात बॅटरीचे दिवे नव्हते, नाना," हेमकांत सांगत होता. "गॅसचे होते, आणि गॅस गाडीतच तयार व्हायचा. इथे पितळी डबा बसायचा, दोन मजली. वरच्या मजल्यात पाणी, खालच्यात कार्बाईडचे खडे. मधे एक बारीक स्क्रू. स्क्रू थोडा सैल केला की पाणी थेंब थेंब खाली पडायचं. खड्यांवर पाणी पडलं की गॅस, आणि बाजूच्या तोटीतून तो नळीनं दिव्यात."

मंगलाबाईंचा हात सुपात थांबला. दोन मजले. मधे बारीक स्क्रू. वरून थेंब थेंब खाली. बाजूला तोटी.

 असा डबा त्यांनी पाहिलेला होता. पाहिलेला काय, चाळीस वर्षं दर श्रावणात चिंच लावून स्वतःच्या हातानं घासलेला होता. ती कानबाईची बैठक होती.

या घरात कानबाईच्या सामानाला पुरुषाचा हात लागत नाही. ते लाल कापडात बांधून माळ्यावरच्या पेटीत असतं. सासू सुनेला देते, सून तिच्या सुनेला. पुरुषांना आई दिसते ती साडीचोळीत, नथीत, गजऱ्यात, सजूनधजून बसलेली. खाली काय आहे हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. मंगलाबाई लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच श्रावणात सासूनं त्यांना बैठक दाखवली होती. वरच्या भागात पाणी भर, टोपणावर कळस ठेव, आणि हा स्क्रू एवढुसा फिरव. आई रातभर पाणी पेस, सासू म्हणाल्या. सकाळी खालचा भाग फिरवून काढायचा आणि त्यातलं पाणी भाऊकीला तीर्थ म्हणून द्यायचं. स्क्रू जास्त फिरवला तर पाणी आरतीच्या आधीच संपतं, कमी फिरवला तर सकाळी तीर्थ नाही. तो हात बसायला मंगलाबाईंना चार श्रावण लागले होते.

नाना ओसरीकडे वळून म्हणाले, "ममतानी माय, तुन्हा नजरमा आसं काही उनं का कव्हय? पितयनं, दोन मजली?"

"माले काय ठाऊक," मंगलाबाई म्हणाल्या आणि खाली मान घालून भराभर गहू पाखडायला लागल्या. नवऱ्याशी त्या आजवर फक्त साडीच्या किमतीबद्दल खोटं बोलल्या होत्या. 

दुपारी सामसूम झाल्यावर त्या माळ्यावर गेल्या. बैठक काढली. तिच्या बुडाला तीन बारीक कान होते. सासू म्हणायच्या, ही आईची पावलं. मंगलाबाईंनी बुडाभोवती सुतळी धरली, गाठ मारली, खाली येऊन ती सुतळी मोटारीच्या रिकाम्या कड्यात धरली. सुतळी तंतोतंत बसली. कड्याला खाचाही तीनच होत्या.

आता काय करायचं? बाई पुन्हा माळ्यावर जाऊन बसल्या. त्यांना आधी लाज वाटली. चाळीस वर्षं आपण आईला गॅसच्या डब्यावर बसवलं. मग राग आला. का म्हणून लाज वाटून घ्यायची? आजेसासूंनी कधीतरी बंद मोटारीवरून तो काढला असणार, घासला असणार, आणि आईखाली ठेवला असणार, कारण घरात तेव्हा त्याहून चांगलं पितळ नसेल. तेव्हापासून किती सुनांचे हात त्याला लागले. आणि मग भीती वाटली. नानांना सांगितलं की नाना त्यांच्या त्या गोड आवाजात म्हणणार, हाई मोटारनं शे, तुमनाकडे उसनं व्हतं. आणि एक स्टीलचं भांडं पुढे करणार. सगळ्या गावाकडून घेतलं, मग घरच्या बाईला सूट कशी देतील? बैठक गेली तर पुढच्या श्रावणात आई कशावर बसणार? स्टीलच्या डब्यावर?

पण नाही सांगितलं तर? तर हा माणूस रोज त्या कड्याकडे बघत राहणार. त्यांना नानांचा चेहरा आठवला आणि जीव कालवला. काही सुचेना, तेव्हा त्यांनी बैठक पुन्हा लाल कापडात बांधली, आणि या खेपेला दोन गाठी जास्त मारल्या.

रविवारी घर माणसांनी फुललं. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, बायकांची गाणी. मंगलाबाईंनी बैठकीत पाणी भरलं, स्क्रू फिरवला, वर कळस, कळसावर नारळ, मग साडी, नथ, गजरे. या वर्षी साडीच्या निऱ्या त्यांनी अशा पसरल्या की खालचं बोटभरसुद्धा दिसू नये. तरी तुळशीबाईंनी आरतीला ताट ओवाळताना निरी सरकलीच. बरोबर समोर हेमकांत टाळ्या वाजवत उभा होता. त्याच्या टाळ्या थांबल्या. डोळे मोठे झाले. सवयीनं हात खिशातल्या फोनकडे गेला.

मंगलाबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हेमकांतनं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि दुप्पट जोरानं टाळ्या वाजवायला लागला.

रोट झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात आला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, ती बैठक..."

"माले ठाऊक शे."

"नानांना?"

"मी सांगसू. तव्हयलोंग तुम्ही तोंडमा पुरणपोळी धरा." त्यांनी खरंच त्याच्या हातात एक पोळी दिली. मग विचारलं, "भाऊ, ते खडा कोठे मिळतस?"

हेमकांत हसला. "वेल्डिंगवाल्याकडे. उद्या घेऊन येतो. दिव्यात बसवायचं बारीक जेट आणि नळी तर माझ्याकडे केव्हाची तयार आहे."

"लया. पण मन्हा नाव काढू नका."

सोमवारी दुपार कलल्यावर आईला निरोप द्यायची तयारी झाली. वाजंत्रीवाले अंगणात आले. रीतीप्रमाणे घरच्या सुनेनं आईला डोक्यावर घ्यायचं आणि नदीपर्यंत चालायचं. मंगलाबाईंनी बैठकीसकट कानबाई उचलली, डोक्यावर घेतली, उंबरा ओलांडला, आणि नदीच्या वाटेला लागायच्या ऐवजी सरळ मोटारीकडे वळल्या. वाजंत्री आपोआप थांबली.

"आज आई मोटारमा जाई," त्या म्हणाल्या.

भाऊकीत कुजबुज सुरू झाली. आसं कव्हय व्हयेल शे का, कुणीतरी मागून म्हणालं. सगळ्यांनी तुळशीबाईंकडे पाहिलं, कारण भाऊकीत वयानं त्या सगळ्यांच्या वर. तुळशीबाईंनी काठी टेकवत मोटारीला एक फेरी मारली. गादी दाबून पाहिली.

"माले बी बसाडतीन का?" त्यांनी विचारलं.

"बसाडसूत ना, काकी."

"मंग जाऊ द्या आईले. मन्हा पाय दुखतस."

मंगलाबाई पायटाक्यापाशी वाकल्या.  त्यांनी निऱ्या वर धरल्या, बैठक कड्यावर टेकवली आणि थोडीशी फिरवली. तीन पावलं तीन खाचांत जाऊन बसली. खट असा आवाज झाला, आणि कानबाई अशी ऐटीत बसली की जणू हे आसन तिच्यासाठीच केलेलं होतं.

नाना पुढे आले. गुडघ्यावर बसले. तो पितळी डबा, तो बारीक स्क्रू, ती तोटी त्यांनी बघून घेतली, पण हात लावला नाही. सगळं गाव आता त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. गेली तीन वर्षं ऐकलेलं वाक्य आज स्वतःच्या बायकोला ऐकवतात का, ही मजा कुणाला चुकवायची नव्हती. दोधू तर मागून म्हणालासुद्धा, "म्हणा नाना, म्हणा आते."

 नानांचे डोळे भरून आले होते. त्यांनी विचारलं, "कव्हयपासून ठाऊक व्हतं तुले?"

"गहू निवडत व्हतू तव्हयपासून. भ्या वाटनं माले. तुम्ही लई जाशात आनि स्टीलनं भांडं देशात, म्हणून."

नाना उठून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आईपुढे वाकले, आणि मोटारीचं दार उघडून म्हणाले, "बस. आईले धरी ठेव. मी हयू चालाडस."

अशी मिरवणूक रनाळ्यानं पाहिली नव्हती. पुढे वाजंत्री, मग मोटार, मोटारीत मागे तुळशीबाई सगळ्यांना हात करत, पुढे मंगलाबाई बाहेर झुकून आईला धरून, आणि नाना बैलाच्या चालीनं मोटार हाकत. मधेच तुळशीबाईंनी आपलं जुनं नरसाळं ओळखलं आणि त्याचा नवा फुगा दाबला. भोंगा असा ओरडला की वाजंत्रीवाल्याचा ताल चुकला. नर्मदाबाई बाजूनं चालता चालता टोपणावरच्या आपल्या घड्याळावर नजर ठेवून होत्या आणि मोटारीला किती ताप चढला ते सगळ्यांना सांगत होत्या.

नदीवर पूजा झाली. नारळ आणि कळस पाण्याशी गेले, बायकांनी आईला निरोप दिला, डोळे पुसले. परतायच्या वेळी दिवस मावळला होता आणि कड्यात बैठक रिकामी होती. मंगलाबाईंनी उरलेलं तीर्थ ओंजळीओंजळीनं वाटून खालचा भाग कोरडा केला. मग हेमकांतकडे हात पुढे केला. त्यानं पिशवीतून करड्या खड्यांचा डबा काढून दिला. नाना बघतच राहिले.

हेमकांतनं सांगितलं तसं मंगलाबाईंनी खडे भरले, तोटीला नळी जोडली, वर पाणी ओतलं. नानांनी स्क्रूकडे हात नेला.

"सरका," मंगलाबाई म्हणाल्या. "तो मन्हा शे. तुम्ही जास्ती फिरावशात."

त्यांनी दोन बोटांत स्क्रू धरला आणि एवढुसा फिरवला, सासूनं दाखवला होता तेवढा. आत थेंब पडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. लसणासारखा वास सुटला. हेमकांतनं दिव्याची काच उघडून काडी लावली आणि पांढरीशुभ्र ज्योत उभी राहिली, हलेना की डुलेना. मग दुसरी. नदीची वाट, काठावरची बाभूळ, बायकांच्या साड्या, सगळं एकदम उजळलं.  नाना त्या उजेडात एखाद्या लहान पोरासारखे उभे होते, आणि मंगलाबाईंना वाटलं, बरं झालं बाई, सांगितलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुडामणनाना ओट्यावर बसून बैठक घासत होते. अट मंगलाबाईंची होती. दिवा एकदा लागला ना, मग खड्यांचा वास जाईपर्यंत घासायचं, आणि ते ज्याला दिवा हवा होता त्यानं. या घरात कानबाईच्या सामानाला लागलेला पुरुषाचा तो पहिला हात, आणि तो कोपरापर्यंत चिंचेनं माखलेला होता. मंगलाबाई आतून मधेमधे ओरडून सांगत होत्या, तोटी राहिली, स्क्रूच्या खाचेत बघा.

दोधू दुकान उघडायला जाताना थांबला. "काय नाना, शेवटला भाग बी सापडना ना. आते मोटार पुरी व्हयनी."

नानांनी बैठक उन्हात धरून पाहिली, एक डाग दिसला तो पुन्हा घासला.

"भाग कोठला," ते म्हणाले. "हाई कानबाईनी बैठक शे. मोटारले वर्सातून एकदाव उसनी देतस."